आधी शीर बांध

माझ्या भावाचा उजवा हात आमच्या प्रयोगशाळेच्या पोलादी दारात दोनदा चिरडला गेला. पहिल्यांदा तो ओरडला. दुसऱ्यांदा ओरडला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तेवढ्या वेळात मी दार आपटणाऱ्या माणसाच्या पाठीवर चढून त्याच्या कानाचा कडकडून चावा घेतला होता. मी सर्जन आहे, पन्नाशीला टेकलेली बाई आहे, माझं लिहिलेलं लोक परिषदांमधून वाचतात वगैरे. पण त्या क्षणी कामाला आले ते दात. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मुळापासून सांगते. दादा आणि मी एकाच इस्पितळात, दोघंही स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या मागे लागलेले. स्वादुपिंड पोटात पार मागे, जठराच्या आड दडून बसलेलं असतं आणि तिथला कॅन्सर हा सगळ्यांत हरामखोर. गुपचूप वाढतो, आणि कळतो तेव्हा बहुतेकदा शिरेतून वाहत जाऊन यकृतात बिऱ्हाड थाटून बसलेला असतो. दादा माणसांची पोटं उघडतो. मीही पूर्वी त्याच्याबरोबर उघडायची, पण माझ्या तोंडामुळे एकेक वरिष्ठ दुखावत गेला आणि मी उंदरांकडे वळले. उंदीर वर तक्रार करत नाहीत. दादानं काढलेल्या गाठीचा ताजा तुकडा माझ्याकडे यायचा, मी तो उंदराच्या स्वादुपिंडात शिवायची, आणि तो कसा वाढतो, कुठल्या वाटेनं यकृतात उतरतो ते बघायची. घरात मला लहानपणापासून मिरची म्हणतात. दादाला कुणी टोपणनाव ठेवलं नाही, त्याला सगळे भीत.

त्याची बोटं प्रसिद्ध होती. पोट उघडलं की तो आधी गाठीच्या मागे हात घालायचा, ती दोन बोटांत आणि अंगठ्यात धरायचा आणि डोळे मिटून हळूहळू फिरवायचा, दाबायचा, पुन्हा फिरवायचा. कुठं चिकटली आहे, कुठून सुटेल, हे त्याला त्यातून कळायचं. "डोळे फसतात, बोटं फसत नाहीत," असं तो म्हणायचा आणि लांबलांबचे सर्जन त्याच्या खांद्यावरून वाकून ते बघायचे. शस्त्रक्रिया झाली की ट्रेमध्ये गाठ घेऊन तो स्वतः नातेवाइकांकडे जायचा, आणि ती कशी पकडून पाहिली हे हवेत बोटं फिरवून दाखवायचा. लोकांना रडू यायचं. मलाही यायचं, खरं सांगायचं तर.

आता आमच्या धंद्यातला निर्लज्जपणा सांगते. माणसाच्या गाठीचा तुकडा उंदरात सहसा रुजत नाही, त्यामुळे रुजला की आम्ही टाळ्या वाजवतो. आणि प्रत्येक गाठीला आम्ही टोपणनाव ठेवतो, ज्याच्या पोटातून ती आली त्याच्यावरून: मास्तर, मावशी, पैलवान. बाहेरच्या कानांनी ऐकू नये असं बरंच काही आम्ही त्या खोलीत बोलतो. त्या दिवशी दार उघडं राहिलं होतं.

"रुजलं," मी म्हणाले. आमचे उंदीरकाका, म्हणजे प्राण्यांची खोली सांभाळणारे गृहस्थ, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा शस्त्रक्रिया आटपून डोक्यावरच्या टोपीसकट तसाच आला होता. त्यानं उंदराचं पोट एका बोटानं चाचपलं आणि खुशीत म्हणाला, "वा रे वा. म्हातारा जोरात आहे."

"कुठला म्हातारा?" दारातून कुणीतरी विचारलं.

तो वेल्डर होता. रुंद छाती, हातभर ठिणग्यांचे जुने डाग. त्याच्या वडिलांची गाठ दादानं काढली होती. उघडलं तेव्हा यकृत स्वच्छ होतं, दादानं स्वतः पाहिलं होतं. आणि तरी चारच महिन्यांत ते यकृत गाठींनी भरलं आणि म्हातारा गेला. हे असं का झालं, एवढंच विचारायला तो आला होता, आणि वॉर्डातल्या कुणीतरी त्याला आमच्या खोलीकडे पाठवलं होतं.

दादाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा दुर्गुणच. "तुमच्या वडिलांच्या गाठीचा तुकडा आम्ही जिवंत ठेवलाय," तो म्हणाला. "तुमची परवानगी घेतली होती."

"बाप मेला आणि ते जिवंत ठेवलंत?" वेल्डर अगदी हळू बोलत होता. "वर टाळ्या वाजवताय?"

पुढचं फार भराभर झालं. त्यानं लोखंडी स्टूल उचलून भिंतीवर फेकलं, पिंजऱ्यांची एक रांग खाली आली, उंदीर सैरावैरा पळाले. दादा त्याला थोपवायला उजवा हात पुढे करून गेला. वेल्डरनं तोच हात मनगटाला धरला, चौकटीत ठेवला आणि दार आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी आयुष्यभर हाडं-मांस कापत आलेय, पण घरच्या माणसाच्या हाडाचा आवाज वेगळा असतो. मी पाठीवर उडी मारली, त्यानं माझ्यासकट दार पुन्हा आपटलं. रखवालदार आले तेव्हा त्याचा अर्धा कान लोंबत होता, माझ्या तोंडात रक्ताची चव होती, आणि दादा जमिनीवर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होता. ती चार दिशांना चार अशी वळली होती.

हातात तारा घातल्या, पट्ट्या ठोकल्या. हाडांचा सर्जन म्हणाला, हात चालेल, पण पूर्वीसारखा चालेल का ते सांगता येत नाही. वहिनी इस्पितळाच्या जिन्यात बसून हुंदके देत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती उतरायचं नाव घेत नव्हती.

ओळख पटवायला मला पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा वेल्डर बाकावर बसला होता, कानाला भलंमोठं बँडेज बांधून. मला बघून तो उठला नाही.

"तुमच्या भावानंच मला दाखवलं होतं," तो म्हणाला. "गाठ ट्रेमध्ये घेऊन आला, आणि बोटं अशी चोळून म्हणाला, अशी धरली, अशी दाबून बघितली. दाबली ना? दाबूनच पसरवली तुम्ही ती. तोवर यकृत चांगलं होतं, तोच म्हणाला होता."

मी हसले. कॅन्सरला लोखंड लागलं की तो पसरतो, हात लावला की चवताळतो, हे प्रत्येक नातेवाईक म्हणतो. तीस वर्षं हे ऐकून माझे कान किटलेत. हसता हसताच मी त्याच्या कानफटात मारली, नेमकी बँडेजवर. तो कळवळला. हवालदार खिडकीबाहेरचं झाड बघत राहिला.

"कोर्टात भेटू," मी म्हणाले. "तुझ्या बापाच्याच गाठीवर प्रयोग करून दाखवते. तुझं थोबाड तिथंच बंद करते."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला कुणी सांगितलं नव्हतं. तशी ही शंका काही त्या वेल्डरनं जगात पहिल्यांदा काढलेली नव्हती. आमच्यातलेही काहीजण म्हणत की आधी गाठीतून रक्त वाहून नेणारी शीर बांधा आणि मगच गाठीला हात लावा, नाहीतर दाबल्याबरोबर पेशी शिरेत सुटतात आणि थेट यकृतात जातात. दादा त्यांना भित्रे म्हणायचा, आणि दादा हसला की मीही हसायची. तपासून मात्र दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. भावाच्या हाताबद्दल शंका घ्यायची माझ्या डोक्यात कधी आलीच नाही, बस.

त्या पळापळीतून जे उंदीर सापडले त्यांच्यातून मी म्हाताऱ्याची गाठ वाढवली आणि पुढच्या उंदरांत शिवली. रुजल्यावर त्यांचे दोन गट केले. एका गटात पोट उघडून आधी शीर बांधली आणि मग गाठीला हात लावून ती काढली. दुसऱ्या गटात दादासारखं केलं: गाठ चिमटीत धरली, फिरवली, दाबली, मग शीर बांधली आणि काढली. दाबण्याचं काम मीच केलं, कारण दादाची ती लकब माझ्याइतकी कुणाला येत नाही. शस्त्रक्रियेनंतर उंदरांना नंबर घालून, कुठला उंदीर कुठल्या गटातला हे फक्त उंदीरकाकांना माहीत राहील अशी व्यवस्था केली. उद्या कुणी म्हणायला नको की बहिणीनं भावाच्या बाजूनं डोळे मिटले.

काही आठवड्यांनी त्यांना मारायचा दिवस आला. मानेवर काडी दाबायची, शेपूट धरून झटका द्यायचा, कट् असा आवाज येतो. हे काम मी कधी दुसऱ्यावर टाकत नाही. एकेकाचं पोट फाडून यकृत बाहेर काढत गेले आणि पांढऱ्या कागदावर ठेवत गेले. गुळगुळीत लाल यकृतं डावीकडे. आणि ज्यांच्यावर खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके होते ती उजवीकडे. दोन ढीग झाले. मग म्हटलं, काका, आता नंबर वाचा.

काका वाचू लागले. उजवीकडचे वाचताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग ते थांबले.

"मॅडम, मी परत एकदा बघू का?"

"कशाला?"

"माझ्याकडून उलटसुलट झालं असेल."

त्यांच्याकडून कधीच काही उलटसुलट होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डावीकडे जवळजवळ सगळे शीर आधी बांधलेले, उजवीकडे जवळजवळ सगळे मी दाबलेले. मी तो पांढरा कागद त्यावरच्या यकृतांसकट चुरगाळला आणि भिंतीवर मारला. मग खाली बसून सगळं पुन्हा गोळा केलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला त्यांचे अजून काप घ्यायचे होते. दुसऱ्या एका गाठीवर, मावशीवर, तोच प्रयोग पुन्हा केला. तेच आलं.

तोवर दादाचा हात बरा होत आला होता. दिवसभर तो रबरी चेंडू दाबत बसायचा. बोटं वळायला लागली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. पुढच्या आठवड्यात पहिली शस्त्रक्रिया ठरली होती: एका शाळेतल्या बाईंची. गाठ म्हाताऱ्याच्या गाठीसारखीच, स्वादुपिंडाच्या शेपटाकडची, आणि यकृत तपासणीत स्वच्छ. वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मिरची, तुझं तोंड बघून कळतंय काहीतरी आहे. जे असेल ते हे ऑपरेशन झाल्यावर सांग. हात गेला असता तर तो मेला असता गं."

"आणि त्या बाई मेल्या तर?"

मी बाहेर गेले आणि दादाला सगळं सांगितलं. गुळमुळीत बोलणं मला जमत नाही, त्यामुळे सरळच सांगितलं: तू दाबतोस तेव्हा पसरतं.

तो आधी चेंडू दाबतच राहिला. मग त्यानं तो माझ्या तोंडावर फेकून मारला. ओठ दातात सापडून फाटला.

"उंदीर आहेत ते," तो म्हणाला.

"गाठ माणसाची आहे."

"तू त्या गुंडाची वकील कधी झालीस?" त्यानं टेबलावरचा दिवा भिरकावला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "माझा हात मोडला त्यानं, आणि तू त्याच्या बापाचा पुळका घेऊन आलीस? मग सांग ना, किती जणांना मारलं मी? वीस वर्षं करतोय हे. सांग की आकडा."

मला आकडा माहीत नव्हता. कुणालाच कळणार नव्हता. हा आजार नाहीतरी बहुतेकांना मारतोच, त्यातले आपण किती मारले हे वेगळं काढता येत नाही. मी त्याला तेही सांगितलं. त्यानं मला घराबाहेर जायला सांगितलं.

मी इस्पितळाच्या प्रमुखांकडे गेले. ते माझ्या फाटलेल्या ओठाकडे बघून म्हणाले, "बहीण-भावाची भांडणं घरी मिटवा." दोन गाठी आणि पिंजराभर उंदीर एवढ्यावर दादासारख्या माणसाला कुणी थांबवणार नव्हतं. पण हात अजून कच्चा आहे, सोबत मुरलेला सर्जन हवा, असा त्यांनीच हट्ट धरला. तसा इस्पितळात मोकळा असलेला सर्जन म्हणजे मी. दादानं निरोप पाठवला: ये, पण टेबलावर तोंड उघडायचं नाही.

शाळेच्या बाई टेबलावर झोपल्या होत्या. भूल देण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, माझ्या ओठाला काय झालं. भावानं मारलं, म्हटलं. "माझाही असाच होता," त्या म्हणाल्या आणि झोपल्या.

दादानं पोट उघडलं. डाव्या हातानं जास्त, उजव्यानं कमी, पण सफाई तीच होती. मी जखम उघडी धरून उभी होते. त्यानं यकृत वर उचलून सगळीकडून पाहिलं. गुळगुळीत, लाल, कुठं एक ठिपका नाही. मग त्यानं जठर बाजूला केलं, आणि मागे गाठ दिसली. टणक, करडी, अक्रोडाएवढी. तिच्यातून निघणारी शीर तटतटून फुगलेली, निळी, समोर.

"आधी शीर बांध," मी म्हणाले.

त्याचा उजवा हात पुढे आला. बोटं अजून पुरती सरळ होत नव्हती, पण गाठीकडे जाताना ती आपोआप चिमटीच्या आकारात वळली. सिस्टर कौतुकानं बघत होती. सगळेच बघत होते. सर परत आले, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"दादा, आधी शीर."

"गप्प."

त्याचे डोळे मिटले. हात जखमेच्या कडेवरून आत उतरायला लागला. मला त्या उजवीकडच्या यकृतांच्या ढिगापलीकडे काही दिसेना. मी मोकळ्या हातानं ट्रेमधला सगळ्यात जड चिमटा उचलला आणि त्याच्या मुठीच्या हाडांवर, जिथं तारा होत्या तिथं, सगळी ताकद लावून मारला.

तोच आवाज आला. दाराचा नव्हे, हाडाचा. त्यानं हात बाहेर ओढला आणि छातीशी धरला. सिस्टर किंचाळली. भूलतज्ज्ञ डॉक्टर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय चाललंय? सिक्युरिटीला बोलवा."

दादानं डोळे उघडले. तो मला मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर मी हललेही नसते, कारण माझ्या हातात जखम उघडी होती. मास्कवरून त्याच्या डोळ्यांतलं पाणी खाली उतरत होतं. ते दुखण्याचं होतं की रागाचं, मला कळलं नाही. त्यानं गाठीकडे पाहिलं, मग त्या स्वच्छ यकृताकडे.

"काही झालेलं नाही," तो भूलतज्ज्ञांना म्हणाला. "माझा हात चिमट्याखाली आला. बसा तुम्ही."

मग सिस्टरकडून त्यानं ग्लोव्हज बदलून घेतले. उजवा चढवताना त्याच्या तोंडून एक कण्हणं निघालं, तेवढंच. तो टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि माझ्या हातातली जखम ओढून धरायची पट्टी त्यानं डाव्या हातात घेतली. पट्टी धरून उभं राहायचं काम आमच्याकडे सगळ्यात नव्या शिकाऊ डॉक्टरला देतात. दादानं ते कधी केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"बांध," तो म्हणाला.

मी शीर मोकळी केली. शिरेखालून दोरा घेतला, गाठ मारली, दुसरी मारली, मध्ये कापलं. रक्ताचा थेंब आला नाही. खोलीत फक्त यंत्राची टिकटिक होती आणि तिच्या आडून त्याचा श्वास मला अगदी कानाशी ऐकू येत होता.

"त्याच्या बापाचंही यकृत असंच होतं," तो हळूच म्हणाला. "मी बघितलं होतं."

मी दुसऱ्या बाजूच्या बारीक शिरा बांधत गेले. त्या संपल्या तेव्हा माझ्या भावानं पट्टी सिस्टरकडे दिली, डावा हात जखमेच्या कडेपर्यंत आणला, आणि तिथंच थांबवला.

"आता हात लावू का?" त्यानं मला विचारलं.

"लाव," मी म्हणाले.